तुसाच्या राखेची रेघ

वस्ताद गेले हे मला चिमूरच्या बाजारात वांगी निवडताना कळलं. "मास्तर, तुमचा वस्ताद गेला ना सकाळी," वांगीवाली बाई म्हणाली आणि तराजू तसाच धरून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी वांगी घेतली आणि घरी आलो. रडू आलं नाही, राग आला. आता हा माणूस ते कधीच सांगणार नाही, एवढंच मनात घोळत होतं... रडू दुसऱ्या दिवशी आलं, त्यांच्या गिरणीचा ओटा रिकामा पाहिला तेव्हा.

सीतारामभाऊ आमच्या गावचे धानगिरणीवाले. दिवसभर इंजिनाच्या धडधडीत उभे राहायचे आणि दिवस कलला की पट्टा उतरवून, भुवयांवरच्या कोंड्यासकट मैदानात यायचे. तुसाची राख घमेल्यात आणून स्वतः रेघा मारायचे. आम्हाला हुतूतू शिकवण्याबद्दल त्यांना कोणी काही देत नव्हतं, त्यांनी घेतलंही नसतं. वस्तादानं कसं वागावं याची त्यांची मतं मात्र भारी कडक. पोराच्या अंगावर हात टाकायचा नाही, आईमाईवरून शिवी द्यायची नाही, खेळाडूच्या घरचा चहासुद्धा प्यायचा नाही. "उद्या त्या पोराले सामन्याबाहेर बसवाचं असलं तं चहा आडवा येते," म्हणायचे. सामन्याआधी आम्ही सगळे मधल्या रेघेला हात लावून म्हणत असू, "बाद झालो तं मीच सांगीन." मग ते वाकत, राखेला बोट लावत आणि म्हणत, "पाह्यलं-आयकलं तेच सांगीन." त्यांच्या या शब्दाला इतकी किंमत होती की खेळात तंटा पडला की पंचच त्यांना विचारायचे. आम्हाला तर ते देवाच्या जागी होते.

मी पंधरा वर्षांचा असताना आम्ही वैनगंगा नावेनं ओलांडून गडचिरोलीला स्पर्धेचा शेवटचा सामना खेळायला गेलो. गुण बरोबरीत आले होते आणि शेवटची चढाई माझी होती. हुतूतू म्हणत जायचं, गडी मारायचा आणि त्याच दमात रेघेला परत यायचं. वाटेत दम तुटला की आपण बाद. मी दोघांना शिवलं. तिसऱ्यानं घोटा धरला, चौघं अंगावर पडले, तरी तोंडात माती घेऊन मी हुतूतू म्हणत सरपटत गेलो आणि रेघेला हात टेकवला. तिकडची माणसं ओरडली, "दम तुटला, दम तुटला." त्या कालव्यात पंचाला काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं सीतारामभाऊंना बोलावलं. "भाऊ, तुम्ही जवळ होते. तुम्ही म्हनान ते खरं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गर्दीकडे पाहिलं. आणि म्हणाले, "तुटला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही हरलो होतो आणि टाळ्या आमच्या वस्तादाला पडत होत्या. परतीच्या नावेत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. घरी बाबांना सांगितलं, शपथ घेतली. बाबा हातातली दोरी वळत म्हणाले, "सीतारामभाऊनं सांगतलं ना? मंग तुटला असंन." माझा सख्खा बाप. तेव्हापासून मी गावात दमतुट्या. आता शाळेत मास्तर झालो तरी फळ्याकडे तोंड केलं की मागून कोणीतरी हळूच हुतूतू म्हणतो आणि मध्येच थांबतो. मुलांना खरं बोला म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

जाण्याआधी महिनाभर वस्ताद गिरणीच्या ओट्यावर खाटेवर पडून असत. एकदा भेटायला गेलो आणि इतक्या वर्षांनी विचारलंच. दोनदा विचारावं लागलं. मग त्यांनी मला जवळ ओढलं. "मले आयकूच नाई आलं, बापू. इंजिनानं कान तवाच गेले होते." ते नेहमी आम्हाला तोंडासमोर उभं करून बोलायला लावत, ती शिस्त आहे असं आम्ही समजत होतो.

"मंग आयकलं नाई, असं काऊन नाई सांगतलं?"

"बहिऱ्याले कोन वस्ताद म्हनते? अन् नाई तुटला म्हनलो असतो तं लोकं म्हनले असते, आपल्या पोराकून बोलला." डोळे पुसले त्यांनी. "पोरं येतीन ना भेटाले, त्याइले सांगतो."

पोरं आली, पाय चेपून गेली. वस्तादांनी काही सांगितलं नाही. मी शेजारीच बसलो होतो, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पहिल्या वेळेपेक्षा हे जास्त लागलं. तेव्हा निदान गर्दी होती.

शोकसभेत सरपंच बोलले. पोटच्या पोरासारखा खेळाडू, पण वस्तादानं खऱ्याचीच बाजू घेतली, असा माणूस होणे नाही... बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. सगळे माझ्याकडे पाहत होते, तेही मायेनं, की याला सुधारलं ते त्यांनीच. मला बोलायला उभं केलं. समोर त्यांची बायको, यशोदाबाई बसली होती. मी म्हणालो, त्यांनी मला खेळ शिकवला, आणि खाली बसलो. ते खोटं नव्हतं. हुतूतू मला त्यांनीच शिकवला, आणि त्यांच्यासारखं कोणी शिकवणारही नाही. तेच तर सोसवत नाही.

परवा शाळेतली मुलं आली. मैदान आखलं, म्हणाली. गिरणीतली जुनी राख अजून घमेलंभर होती. वस्तादांच्या जागी तुम्ही उभे राहा. मी गेलो. मुलांनी रेघेला हात लावला, म्हणायचं ते म्हटलं आणि माझ्याकडे पाहत थांबली. मी वाकलो. राखेला बोट लावलं, आणि पाह्यलं-आयकलं तेच सांगीन म्हणण्याआधी त्यांना जवळ बोलावून सांगितलं, "पोरांनो, गडचिरोलीले माहा दम तुटला नव्हता."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. त्यातलं सर्वात धाकटं म्हणालं, "पन मास्तर, वस्ताद तं तुटला म्हनत होते."