पाचशे मैलांत बसेल
ओडेट लोझियर चोवीस वर्षं अमेरिकेच्या उत्तर सीमेवरच्या सेंट जॉन नदीकाठच्या गावांमध्ये टपाल वाटत होती. ती पगारी नोकर नव्हती. दर चार वर्षांनी टपालखात्याशी करार व्हायचा. गाडी तिची, पेट्रोल तिचं. रोज अठ्ठ्याण्णव मैल आणि रस्त्याकडेच्या चारशे अकरा टपालपेट्या. कुणाचा कुत्रा चावतो, कुणाची पेटी बर्फ काढणाऱ्या गाडीनं कितव्यांदा आडवी केली, हे तिला पाठ होतं.

गाडीची काळजी मात्र तिनं कधी केली नव्हती. नवरा फर्नांड गावातला मेकॅनिक. रविवारी चर्चहून आला की तो तिच्या पिकअपखाली शिरायचा आणि जेवायला हाक मारली की बाहेर यायचा. मागच्या वर्षी फेब्रुवारीत त्याला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून तीनच शब्द निघायचे: ‘बरं’, ‘नाही’ आणि, का कुणास ठाऊक, ‘मंगळवार’. भूक लागली तरी मंगळवार, चिडला तरी मंगळवार. गॅरेज कोरी जाँद्रोनं विकत घेतलं. तो फर्नांडच्या हाताखाली सहा वर्षं काम केलेला. कागदांवर सह्या करून ओडेट घरी आली आणि तिनं रोजच्यासारखी कुट्टूच्या पिठाची धिरडी घातली.

“एकदा रडून घे गं,” तिची बहीण म्हणायची. पण रडू येत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिला सगळंच वाटायचं. चिमटा काढला तर कळायचं, दुखायचं नाही.

या मार्चमध्ये पिकअपच्या मागच्या बाजूनं घरघर येऊ लागली. कोरीनं गाडी वर चढवली, डिफरेन्शियलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या डब्याचं, झाकण काढलं आणि आतलं काळं तेल तिला दाखवलं. तेलात धातूचा चुरा चमकत होता.

“क्राउन-पिनियनचा जोडा गेला. नवा टाकतो. परवा घेऊन जा.”

परवा तिनं गाडी नेली. पंचेचाळीसच्या वेगाला घरघर नव्हती. त्याऐवजी एक लांब, एकसुरी हुंकार होता. ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की मिटायचा. तिनं कोरीला फोन केला.

“नवे दात आहेत, एकमेकांना घासून घेतील,” कोरी म्हणाला. “पाचशे मैलांत बसेल.”

“बरं,” ओडेट म्हणाली. पाचशे मैल म्हणजे तिचे सहा दिवसही नव्हते.

सहा दिवसांनी आवाज दुप्पट झाला होता. रस्त्याच्या टोकाला एकटी राहणारी थेबर्ज म्हातारी पेटीपाशी उभी राहून हसली. “बाई, तुझी गाडी दोन मैलांवरून ऐकू येते. मला कॉफी टाकायला वेळ मिळतो. असंच ठेव.”

घरी फर्नांडनंही ऐकलं होतं. गाडी अंगणात वळली की तो खुर्चीतून डाव्या हातानं खिडकीची चौकट ठोकायचा. “मंगळवार! मंगळवार!”

“हो, कळलं. बसेल म्हणालाय कोरी.”

“नाही.” मग त्यानं डावी मूठ तिच्या मुठीत घुसवली, मग ती वर ओढून तिच्या बोटांच्या टोकांवर आणली आणि तिथेच फिरवली. “नाही,” तो पुन्हा म्हणाला. ओडेटला वाटलं, हात चोळून हवाय. तिनं त्याचा हात चोळला. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं तोंड फिरवलं.

ती पुन्हा कोरीकडे गेली. तो दुसऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये वाकला होता, वर न बघताच बोलला. “पहिल्या दिवसापासून वजन नेलंत का? नव्या जोड्यावर वजन टाकायचं नसतं.”

“टपाल नेलं.”

“मग तेच तर.”

“टपाल न नेता टपाल कसं वाटायचं, कोरी?”

तो पाना फिरवत राहिला. भांडायला आधी राग यावा लागतो, आणि तो तिला कुठे सापडत नव्हता. ती गाडीत बसली आणि निघाली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात थेबर्ज म्हातारीनं मागवलेली कोंबडीची पिल्लं टपालानं आली. भोकं पाडलेली दोन खोकी, आत पन्नास जीव, सगळे एका सुरात चिवचिवणारे. असलं टपाल लोकांनी पोस्टातून न्यायचं असतं, पण म्हातारीकडे गाडी नव्हती, म्हणून ओडेटनं खोकी शेजारच्या सीटवर ठेवली. चढ संपून ती चौकात थांबली आणि पुन्हा निघून वेग घेताना मागून धाडकन आवाज आला. चाकं जागीच अडकली. गाडी काही हात घसरत गेली आणि चराच्या कडेला तिरकी उभी राहिली. रस्त्यावर टायरच्या दोन काळ्या रेघा उमटल्या.

इंजिन मात्र चालू होतं. बाहेर गारठा होता, चरात अजून बर्फ होतं. तिनं हीटर वाढवला, दोन्ही खोकी मांडीवर घेतली आणि गॅरेजात फोन लावला. पिल्लं पाय आपटत होती, ते तिला पुठ्ठ्यातून मांडीला जाणवत होतं. आत्ता आपण मेलोही असतो, हा विचार आला. कुणीतरी दुसऱ्याबद्दल सांगावं तसा आला आणि गेला.

गाडी ओढत गॅरेजात नेली ती बटाट्याची शेती करणाऱ्या एकाच्या ट्रॅक्टरनं. पिल्लं आणि उरलेलं टपाल त्याच्याच मुलीनं पोचवलं. दुसऱ्या दिवशी कोरी झाकण काढणार होता. फर्नांड सकाळीच टोपी घालून दाराशी उभा होता, म्हणून ओडेटनं त्यालाही नेलं.

झाकण निघालं. पिनियनचे तीन दात तुटून तळाशी पडले होते. फर्नांड काठी टेकत पुढे झाला. त्यानं क्राउनच्या एका शाबूत दातावर बोट ठेवलं. दात घासल्याची खूण मध्यावर हवी; ती वरच्या काठाला होती, नखाएवढी, त्यानं ओडेटच्या बोटांवर मूठ फिरवून दाखवली होती तशी, अगदी टोकाशी. मग त्यानं भिंतीकडे बोट केलं. तिथे लाकडी पेटीत फर्नांडचं, दातांमधली फट मोजायचं डायल होतं, गॅरेजबरोबर विकलेलं. पेटीवर धूळ होती.

कोरीनं चिंधीनं हात पुसले.

“जुन्याच चकत्या घातल्या मी,” तो म्हणाला. “पिनियनमागच्या, अंतर जुळवायच्या. मोजलं नाही. रंग लावून दात कुठे टेकतात तेही पाहिलं नाही. त्या आठवड्यात सात गाड्या उभ्या होत्या.” त्यानं ओडेटकडे पाहिलं. “वजनाचं मी उगाच बोललो.”

“हं,” ओडेट म्हणाली.

“शिव्या द्या मला. काहीतरी बोला.”

“गाडी कधी देशील? बहिणीची मोटार शुक्रवारपर्यंतच आहे माझ्याकडे.”

कोरीनं स्वतःच्या खर्चानं नवा जोडा मागवला. या वेळी फर्नांड समोर स्टुलावर बसला. कोरी दातांना पिवळा रंग लावायचा, जोडा फिरवायचा, आणि म्हातारा ठशाकडे बघून म्हणायचा, “नाही.” पुन्हा सगळं खोलायचं, कागदाएवढी पातळ चकती बदलायची, पुन्हा बसवायचं. चार वेळा ‘नाही’ झालं. पाचव्या वेळी फर्नांड वाकून बराच वेळ बघत होता. “बरं,” तो म्हणाला. कोरी खाली फरशीवर बसला आणि हसायला लागला. “सहा वर्षांत इतकं बोलला नव्हतात माझ्याशी.” फर्नांडही हसला, तोंडाची एकच बाजू हलली.

ओडेट दारात सँडविच घेऊन उभी होती. हे बघून आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला कळत होतं. तिनं सँडविच दिली आणि बरणी उघडून लोणच्याच्या काकड्या बाहेर काढल्या.

त्यानंतर कोरीनं फर्नांडला आठवड्यातून दोनदा बोलावलं. तो तीन वेळा गेला. चौथ्या वेळी ओडेटनं टोपी पुढे केली तर त्यानं ती परत खुंटीकडे ढकलली. का, ते त्याला सांगता येत नव्हतं, आणि तिनं विचारलं नाही. कदाचित दमत असेल. कदाचित बघत बसणं नको वाटत असेल.

गाडी बिनआवाजाची झाली. थेबर्ज म्हातारीनं तक्रार केली की आता कॉफी वेळेवर होत नाही. पन्नासातली सत्तेचाळीस पिल्लं जगली होती आणि तिनं अंडी द्यायचं कबूल केलं.

जुलैत करार संपत आला. पोस्टमास्तरनं नव्या चार वर्षांचे कागद पुढे केले. “थांबायचं असेल तर आत्ताच सांग, ओडेट. कुणी नावं ठेवणार नाही. घरी फर्नांड आहे.”

तिनं खिडकीतून बाहेर उभ्या पिकअपकडे पाहिलं. थांबून काय करणार, हे तिला सुचेना. चालू ठेवून काय, हेही सुचेना. चालू ठेवण्याला निदान रस्ता तरी होता. तिनं सही केली, कागद सरळ करून परत दिले आणि त्या दिवसाचं टपाल लावायला घेतलं.