नूकराजूनं छाटलेल्या फुल्या

आमच्या नूकराजूला नावांच्या शेपट्या छाटायचा भारी सोस. काकिनाड्याच्या कोळ्यांच्या संस्थेत आम्ही दोघं कॉम्प्युटरवर बसायचो. यादीत कुणाच्या नावाआधी रिकामी जागा दिसली, कुणाच्या मागं टिंब दिसलं, की याची बोटं शिवशिवायची. "अक्का, नाव कसं लख्ख पाहिजे!" मी म्हणायची, "आधी स्वतःची दाढी कर मेल्या."

ती यादी तीस वर्षं संस्थेच्या जुन्या कारकुनांनी, वीरभद्रम गारूंनी सांभाळली होती. गारू म्हणजे आमच्याकडचं 'राव'. ते वारले आणि यादी नूकराजूकडं आली. काही नावांमागं गारूंनी फुली मारलेली. कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. नूकराजूनं कॉम्प्युटरला हुकमाची एक ओळ लिहिली: नावाच्या दोन्ही टोकांना अक्षर सोडून जे काही असेल ते कापून टाक. चालवली तीही मूळ यादीवरच, नक्कल न ठेवता! शेंबडं पोरही असं करायचं नाही. पडद्यावर आलं, 'फुल्या काढल्या: एक्केचाळीस.' कुणाच्या, ते काही आलं नाही. गडी खुशीत पेसरट्टू डोसा खाऊन आला.

आठ दिवसांनी समुद्रावर जायची नवी कार्डं छापून घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीच वस्तीतली पोलम्मा डबा घेऊन संस्थेच्या दारात हजर. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात बांगड्या.

"माशाचा पुलुसू आणलाय, त्याच्या आवडीचं आंबट कालवण," ती म्हणाली. "कुठं बसवलाय त्याला?"

"कुणाला, अम्मा?"

"कुणाला काय? यर्रय्याला! कार्ड आलं ना त्याचं."

तिच्या नवऱ्याची, यर्रय्याची होडी नऊ वर्षांपूर्वी गेली, ती गेलीच. आमच्याकडं समुद्रानं देह परत दिल्याशिवाय बाई बांगड्या फोडत नाही, आणि नवरा गेला असं तोंडातून काढत नाही. गारूंची फुली अशा न परतलेल्यांसाठीच होती. नाव राहावं, पण कार्ड निघू नये.

नूकराजू पांढराफटक पडला. दर वर्षी कार्डं निघणार आणि दर वर्षी एक्केचाळीस घरांत ताट वाढलं जाणार! तो यादी घेऊन वस्तीत दारोदार फिरला. "घरधनी कुठंय?" विचारलं की प्रत्येक बाईचं एकच उत्तर: "समुद्रावर गेलाय." सकाळी गेलेल्याची बायकोही तेच म्हणे, नऊ वर्षांपूर्वी गेलेल्याचीही तेच. कोण परतणारा, कोण न परतलेला, कसं ओळखायचं?

पोरगा वाळत चालला. प्रिंटर सुरू झाला की दचकायचा. "अक्का, नावं हाक मारतात गं," म्हणायचा. "ती परत आलीयत असं वाटतं, आणि मीच बोलावलंय." मला त्याचा राग यायचा आणि रडूही यायचं.

पोलम्मा रोज डबा घेऊन बाकावर बसायची. पाचव्या दिवशी नूकराजू तिच्यासमोर जमिनीवर बसला. "अम्मा, तो आलेला नाही. गारूंची खूण होती, ती मी न विचारता काढली. चूक माझी आहे."

"मुडद्या!" ती ओरडली. "नऊ वर्षं मी दाराला कडी लावली नाही, आणि तू मला कागद पाठवतोस?" ती धाय मोकलून रडली.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. "लिही," म्हणाली. "त्या बाया कुणी सांगायच्या नाहीत. स्वतःच्या माणसाचं कोण सांगेल? दुसऱ्याचं मी सांगते."

मग ती एकेक नाव सांगत गेली. कुणाची होडी, कुठलं वादळ, मागं किती लेकरं. नूकराजू फुली मारत गेला. चाळीस झाली आणि ती थांबली.

"एक राहिलं, अम्मा," तो हळूच म्हणाला.

"राहू दे."

तेव्हापासून दर वर्षी यर्रय्याचं कार्ड निघतं. नूकराजू ते स्वतः घेऊन जातो. पोलम्मा दारातच विचारते, "नाव आहे ना अजून?"

"आहे, अम्मा," तो म्हणतो, आणि तिनं वाढलेल्या ताटावर बसतो.