पाय न लावणाऱ्या भोईरबाई

आदरणीय भोईरबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. गौरव अंकात जरा गोड लिहा, असं संपादकांनी मला बजावलं आहे. जमेल तेवढं लिहितो.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते अंबरनाथला, आमच्या कारखान्यात. शाळेत पी.टी. शिकवून उरलेल्या वेळात त्या प्रथमोपचाराचे वर्ग घेत. त्या आल्या तेव्हा एका कामगाराचा पाय मुरगळला होता आणि चौघं मिळून त्याचा घोटा बाम लावून रगडत होते. "हात काढा," बाई म्हणाल्या, "पाय आहे तो, कणीक नाही." त्यांनी फडक्यात बर्फ गुंडाळून लावला, पट्टी बांधली, पाय उंच ठेवला. मग बोटांची नखं दाबून रंग परत येतो का ते पाहिलं, पट्टी फार आवळली नाही ना म्हणून. तेव्हापासून मी त्यांच्या वर्गात पट्ट्या धरायला जाऊ लागलो.

पण बाई पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. अशा माणसाने पाय लावला की उसण उतरते, लचक जाते, हा आपल्याकडचा पक्का समज. त्यामुळे लोक वर्गाला कमी आणि पायाला जास्त येत. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले एक शेठ कंबर धरून आले आणि म्हणाले, "बाई, लेक्चर बाद में, पहले लात मारो." बाईंनी त्यांना पाय लावला नाही, पण स्वतः रिक्षात बसवून डॉक्टरांकडे नेलं. पाय कधीच कुणाला लावला नाही. लोक रुसले, तरी नाही.

गेल्या पावसाळ्यात बाई कात्रपला आपल्याच इमारतीच्या जिन्यावरून पडल्या. धावून आले ते त्यांच्याच वर्गात शिकलेले शेजारी. त्यांनी बाईंना बगलेत धरून उभं केलं, चालून बघा म्हणाले, गरम तेल चोळलं. एकाने नस बसवतो म्हणून पाऊल ओढलं. हलवू नका, हलवू नका, असं बाई सांगत होत्या. त्यावर एक ताई मायेने म्हणाल्या, "बाई, दुखतंय ना, म्हणून तुम्ही असं बोलताय." मोडलेलं हाड सरकलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. आता वॉकर आहे.

मी भेटायला गेलो तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, "शिकवण्यात माझं काय चुकलं हो?" तेवढ्यात शिरगावहून एक बाई आल्या, पाठीत उसण भरलेली. मी त्यांना परत पाठवू लागलो, तर त्या काकुळतीला आल्या. मोडका असला तरी चालेल, म्हणाल्या, नुसता टेकवा.

बाई वॉकर धरून उठल्या आणि त्यांनी पाय टेकवला.

आजवर मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. म्हणून बाई, या शुभदिनी मागणं एकच. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, पायात बळ येवो, आणि पुढच्या माणसाला "पाय लावणार नाही" असं ठणकावण्याइतका राग तुम्हाला पुन्हा येवो.