हरिहर सरांचा सांगाडा

हरिहर जोगळेकर सर रत्नागिरीच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात शरीररचना शिकवत, आणि घरी आल्यावरही थांबत नसत. "अहो, माझा चष्मा पाहिलात?" असं बायकोनं, सुमेधाताईंनी, विचारलं की उत्तर यायचं, "फ्रिजच्या पोस्टेरिअर बाजूला." सुमेधाताई मुकाट्यानं फ्रिजच्या मागे हात घालायच्या.

वर्गात सरांचा दरारा होता. पहिल्याच तासाला ते बजावायचे, "डावं-उजवं आपलं नाही, समोरच्या शरीराचं! मीडिअल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडे, लॅटरल म्हणजे तिच्यापासून लांब. पायाचा अंगठा मीडिअल, करंगळी लॅटरल. इथे चुकलात तर ऑपरेशन चांगल्या पायाचं व्हायचं!" मुली घाबरून लिहून घ्यायच्या. शेजारी प्लास्टिकचा सांगाडा उभा असे. सरांची छडी कवटीपासून निघून माकडहाडापर्यंत पोचली की तास संपायचा. पाय कायम टेबलाआड.

श्रावणात सर घरच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरले. घोटा टम्म सुजला. हाडांच्या डॉक्टर ईशा पाय तपासू लागल्या, तशी सर कण्हत म्हणाले, "लॅटरल मॅलिओलस. फिब्युलाचं डिस्टल टोक."

"काका, दुखतंय कुठे ते बोटानं दाखवा."

"अहो, तेच सांगतोय! घोट्याचं बाहेरच्या बाजूचं हाड!"

"पण ओरडलात ते आतल्या बाजूला दाबल्यावर."

हाड आतल्याच बाजूचं मोडलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उलटा धरला असावा, असं सरांनी सुचवून पाहिलं.

पुढे प्लास्टर घालून सर कॉलेजात आले. उभं राहता येईना, म्हणून टेबलाच्या बाजूला खुर्ची टाकून, पाय स्टुलावर ठेवून शिकवू लागले. अंगठा मीडिअल, असं म्हणत त्यांनी सहज सांगाड्याच्या पावलांकडे पाहिलं. डाव्या पायाचा अंगठा आत होता. उजव्याचा बाहेर. दोन्ही पावलं डावीच बसवलेली होती, बहुधा खरेदी केल्या दिवसापासून.

संध्याकाळी त्यांनी सुमेधाताईंना सांगितलं.

"मग बदलून घ्या. त्यात काय एवढं?"

"म्हणजे इतकी वर्षं मी बघितलंच नाही, असं सांगू?"

"नाहीच बघितलंत ना!"

सर रागानं ताटावरून उठायला गेले. प्लास्टरमुळे उठता येईना, म्हणून जेवले.

दुसऱ्या दिवशी सांगाड्याच्या पायांत पांढरे मोजे होते.

"सर, सांगाड्याला मोजे?" पहिल्या बाकावरच्या दिशानं विचारलं.

"सांध्यांत धूळ बसते."

"मग हाताच्या सांध्यांत नाही बसत?"

त्यामुळे हातमोजेही आणावे लागले.

दिवाळीनंतर तपासणी समिती आली. समितीचे अध्यक्ष सांगाड्यासमोर थबकले. "वा! स्वच्छतेची ही दृष्टी आम्हाला कुठेच दिसली नाही." प्राचार्या भार्गवी मॅडम त्या वर्गात सहसा फिरकत नसत. "आमचं पहिल्यापासून हेच धोरण आहे," त्या म्हणाल्या.

गॅदरिंगला सरांना 'उपक्रमशील शिक्षक' म्हणून शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात ते गहिवरले. "त्वचा हे शरीराचं पहिलं संरक्षण. सांगाड्याला त्वचा नाही, ही उणीव मला आत कुठेतरी सलत होती." टाळ्या थांबेनात. तोवर त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

"सर किती बारकाईनं बघतात हो!" भार्गवी मॅडम सुमेधाताईंच्या कानाशी म्हणाल्या.

"हो, अलीकडे," सुमेधाताई म्हणाल्या.

समितीच्या कौतुकावर पुढच्या वर्षी कॉलेजला नवाकोरा सांगाडा मंजूर झाला. भार्गवी मॅडमनी स्वतः उभं राहून, खोक्यातून पुरता बाहेर काढायच्या आतच त्याला मोजे आणि हातमोजे चढवून घेतले. त्याची पावलं बरोबर आहेत की नाहीत, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. सरांचा घोटा बरा झालाय. ते पुन्हा उभ्यानं शिकवतात.