नळीतलं पाणी

सदर कर्मचारी: महिला, वय चौपन्न, वॉर्ड आया, चतुर्थ श्रेणी. कामे: चादरी बदलणे, भांडी देणे, बाटल्या धुणे व भरणे. रुग्णांच्या उपचारांशी संबंध: नाही.

या संबंध नसलेल्या बाईने छातीत पू झालेली बाळं एकवीस वर्षं धरली होती. बरगड्यांमधून नळी घालताना बाळाचे हातपाय आवळायचे ते हिने. नळीचं दुसरं टोक ज्या बाटलीत बुडलेलं असतं, ती रोज सकाळी धुऊन चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं तेही हिनेच. बाळाने श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. बघून बघून डोळ्यांत बसलं होतं.

सोमवारी सात महिन्यांच्या एका बाळाचं पाणी हलेना. पूही यायचा थांबला. शिकाऊ डॉक्टर खूश झाला. पू संपला, फुप्फुस फुललं, दुपारी नळी काढून टाकू म्हणाला. खाटा कमी होत्या, त्यालाही घाई होती.

आया मावशी बाटलीकडे नाही, बाळाकडे बघत होती. पोट भात्यासारखं उडत होतं आणि छातीची उजवी बाजू ढिम्म.

"डॉक्टरसाहेब, पू संपला नाही, नळी तुंबलीय. छातीचा एक फोटो काढून बघा की."

"मावशी, तुम्ही डॉक्टरकी कधी पास झालात?"

सिस्टर हसल्या. मावशीही हसली, नोकरीत तेही करावं लागतं. मग चादर बदलायच्या निमित्ताने बाळाच्या आईजवळ गेली आणि पुटपुटली, "पोरी, फोटो निघाल्याशिवाय नळीला हात लावू देऊ नकोस. बाळ मांडीवरून सोडूच नकोस."

आईने सोडलं नाही. दुपारी बराच आरडाओरडा झाला, मोठे डॉक्टर आले, एक्स-रे निघाला. उजवी बाजू पांढरीफटक, पूने भरलेली. दुसऱ्या दिवशी छाती उघडली तेव्हा पू घट्ट होऊन फुप्फुसावर त्याची जाड साल बसली होती. मोठे डॉक्टर दोन तास ती सोलत होते.

पुढच्या आठवड्यात शिकाऊ डॉक्टरने ही केस डॉक्टरांच्या सभेत मांडली. मथळा होता 'वेळीच निदान'. टाळ्या पडल्या. त्याच दिवशी मावशीला मेमो आला: नातेवाइकांस चिथावणी, उपचारांत अडथळा, लेखी खुलासा द्यावा.

"पाणी हलत नव्हतं, असं लिहू?" तिने कारकुनाला विचारलं.

"नका लिहू, मावशी. प्रकरण वाढेल."

तिने 'चूक झाली' एवढंच लिहिलं. बदली धुलाईघरात झाली. आदेशात कारण होतं: रुग्णहितास्तव.

बाळ ऑपरेशननंतर सोळाव्या दिवशी घरी गेलं. वजन साडेसहा किलो.