तीन बदाम शिल्लक

“थांबा. अजून तीन बदाम आहेत तुमचे.”

हे म्हणताना डावा पंजा माझ्या नाकासमोर उभा. उजवा हात माउसवर आणि डोळे स्क्रीनवर. मी बिलासाठी गल्ल्यासमोर ताटकळत, बँकेत परत पोचायला जेमतेम सात मिनिटं उरलेली, आणि ह्या बाई माझ्याकडे ढुंकूनही न बघता मला माझे बदाम सांगतायत. दोन वर्षं, रविवार सोडून रोज, मी तो पंजा पाहिला. त्यावरच्या रेषा मला तोंडपाठ झाल्या होत्या.

हे बदाम खायचे नव्हेत. पत्त्यातला असतो तो लाल बदाम. ह्या बाईंच्या, म्हणजे काकूंच्या, कॉम्प्युटरवर हॉटेलचा एक खेळ होता. गिऱ्हाईक येऊन टेबलाशी बसलं की त्याच्या डोक्यावर पाच बदाम दिसायचे. जेवण यायला उशीर झाला की एकेक बदाम गळायचा, माणूस लालेलाल व्हायचा, आणि शेवटचा बदाम गेला की तणतणत उठून जायचा. तुमच्याही घरात कोणीतरी असलं काहीतरी खेळत असेलच. खेळणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ह्या बाईंचं स्वतःचं खरं भोजनालय होतं हो! खरी माणसं खऱ्या टेबलांशी भुकेनं व्याकूळ होऊन बसलेली असायची, आणि मालकीणबाई तिकडे कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्यावर पिवळ्या फ्रॉकवालीला कॉफी नेऊन देत असायच्या. डोकं फिरेल की नाही माणसाचं?

भोजनालय देवास गेटच्या बस स्टँडमागे होतं. टेबलं सहा, बाहेर एक लाकडी बाक. मी सांगलीहून बदली होऊन उज्जैनला आलो तेव्हा बायको मुलीच्या बारावीसाठी तिकडेच राहिलेली, आणि माझं पोट म्हणजे जन्माचं दुखणं. ज्वारीची भाकरी कुठे मिळेल, असं बँकेत विचारलं तर शिपायानं हा पत्ता दिला. भाकरी उत्तम मिळाली. ती टेबलावर येईपर्यंतचं काय ते विचारू नका.

काकू उज्जैनच्याच. चार पिढ्या इथे गेलेल्या, त्यामुळे मराठीत निम्मी हिंदी. “साहेब, जल्दी काय आहे? इत्मिनाननं जेवा.” तीस वर्षं त्यांनी शेगडीपाशी उभं राहून महाकालाला येणाऱ्या मराठी मंडळींना जेवू घातलं होतं. मग गुडघे गेले. डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केली. स्वयंपाक सुनेकडे गेला, वाढायला मुलगा, मनीष, आणि काकूंना गल्ल्यावर बसवलं. बिलं करायला समोर एक जुना कॉम्प्युटर ठेवला. तो खेळ त्यात आधीच कोणीतरी टाकून ठेवलेला होता. कोणी, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर गाठला असता.

त्यात तिथली पद्धत अशी की कोण आलं, काय हवं, ते काकूंनी गल्ल्यावरून आत ओरडून सांगायचं. म्हणजे काकू समुद्रकिनाऱ्यावर गेल्या की आमची भाकरी बंद. आणि शिवाय वर टीका चालायची. “हे लोक आल्या आल्या पाणी देतच नाहीत, बघा. पाण्याचा ग्लास ठेवला असता तर बदाम कशाला गेला असता?” मी म्हणायचो, “काकू, मलाही पाणी मिळालेलं नाही.” त्यावर पंजा.

एकदा लातूरकडची मंडळी आली होती. रामघाटावर आंघोळ करून, दर्शन घेऊन, कपाळावर ओलं गंध. त्यांच्यातले आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून पहिला घास घेणार, तोच काकू कडाडल्या, “मनीष, चार नंबरचा मासा राहिला!” आजोबा चार नंबरलाच बसले होते. घास तसाच हातात. मनीष धावत आला, “नाही नाही बाबा, शुद्ध शाकाहारी आहे! आई गेममधलं बोलतेय.” आजोबांना पटेना. शेवटी त्यांना हाताला धरून गल्ल्याशी नेलं आणि स्क्रीनवरचा मासा दाखवला, तेव्हा कुठे शांत झाले. झाले ते इतके की तिथेच उभे राहिले. “अहो बाई, तो टोपीवाला निघाला बघा!” आता ह्याला काय म्हणायचं?

हा टोपीवाला म्हणजे शेवटच्या पातळीतला म्हातारा. सगळी टेबलं भरली की मग यायचा, मासा आणि कॉफी मागायचा, आणि बाकीच्यांसारखे पाच नाही, यायचाच मुळी तीन बदाम घेऊन. “तुमच्यासारखा आहे,” काकू मला तोंडावर म्हणाल्या, “बसायच्या आधीच चिडलेला.” तो दर वेळी उठून जायचा. खेळाच्या हिशेबानं एखादा गेला तरी चालत होतं. वर फुगे उडायचे, टाळ्या वाजायच्या. काकू मात्र ती पातळी पुन्हा सुरू करायच्या. सहा महिने तीच पातळी!

“काकू, पास झालात की तुम्ही. आता बास करा ना.”

“एक उठून गेला ना साहेब.”

“अहो, चित्र आहे ते!”

“चित्र असलं म्हणून काय? आला होता तर जेवायलाच.”

ह्यापुढे मी हात टेकले.

मग तो दिवस आला. बँकेत तपासणी चालू होती, मला वीस मिनिटांची सवड. टेबलाशी बसलो आणि म्हटलं, “काकू, आज घाई आहे, लगेच सांगा आत.” पंजा वर. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आत निरोप गेलेलाच नाही. पंधराव्या मिनिटाला माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची सरकवून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर ओरडलो, “खेळा तुम्ही! मी चाललो. उद्यापासून येणारही नाही!” आणि ताडताड बँकेत येऊन बसलो. पोटात कावळे कोकलत होते, पण रागाचं एक बरं असतं, थोडा वेळ पोट भरल्यासारखं वाटतं.

तीन वाजता दारात ई-रिक्षा थांबली. आमच्या बँकेला अकरा पायऱ्या. काकू कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, डबा घेऊन वर आल्या. काउंटरवर ही रांग, तपासणीचे साहेब समोर, आणि काकू सरळ माझ्या टेबलाशी. मॅनेजरांनी विचारलं, “क्या काम है, माताजी?” काकू म्हणाल्या, “साहब, इनका खाना रह गया था।” मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

त्यांना घेऊन मागच्या खोलीत गेलो. जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर डबा उघडला. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. मी एवढा चिडलेला होतो की घास नुसते कोंबत होतो. काकू समोर स्टुलावर बसून गुडघा चोळत होत्या.

“एवढ्या पायऱ्या चढायची काय गरज होती?” मी खेकसलो.

“तुम्ही उठून गेलात ना साहेब. उपाशी.” मग म्हणाल्या, “एक म्हातारा आला होता. लई वर्षं झाली. श्रावणातला सोमवार, महाकालाची सवारी निघायचा दिवस, गर्दी अशी की बस. बाहेरच्या बाकावर बसला. म्हणाला, बाई, कालपासून पोटात काही नाही. मी म्हटलं, बाबा, पाच मिनिटं थांबा. आत जाऊन पोळ्या लाटत राहिले आणि विसरले. एकदम विसरले. याद आली तेव्हा बाक खाली, कोणीच नाही. स्टँडवर जाऊन सगळ्या बस बघितल्या मी. एकेका बसमध्ये चढून बघितलं. नाही सापडला.”

मी उरलेली भाकरी संपवली. डबा पुसून दिला. दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता पुन्हा त्याच टेबलाशी जाऊन बसलो, आणि काकूंनी मान वर न करता पंजा दाखवला.

त्या अकरा पायऱ्यांनी गुडघे अजून बिघडले. इंदूरला ऑपरेशन करायचं ठरलं. पहिली तारीख आली, काकू गेल्या नाहीत. दुसरी आली, तीही घालवली. मनीष रडकुंडीला येऊन मला म्हणाला, “साहेब, आईला तुम्हीच समझवा. म्हणते, तो टोपीवाला जेवल्याशिवाय मी हॉस्पिटलमध्ये जाणार नाही. तिला वाटतं, तिथून परत येणं काही पक्कं नाही. नाहीतर तुम्हीच एकदा ती लेव्हल पार करून टाका.”

म्हणजे आता हेही माझ्याच गळ्यात! काकू आत औषध घ्यायला गेल्या होत्या तेवढ्यात मी गल्ल्यावर बसलो. पंचवीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी, म्हटलं, असं काय अवघड असणार आहे? चार मिनिटांत पिवळ्या फ्रॉकवाली उठून गेली, तिच्या मागोमाग दोन खलाशी गेले, आणि टोपीवाल्याला तर बसायला टेबलच मिळालं नाही. काकू मागे येऊन उभ्या होत्या. “सगळ्यांना उपाशी घालवलंत,” एवढंच म्हणाल्या.

मग मी भडकलोच. “काकू, त्या टोपीवाल्याला खुशाल जाऊ द्या! आधी तुमचे पाय बघा!”

“जाऊ द्या म्हणता? तुम्हाला जाऊ दिलं होतं का मी?”

ह्यावर उत्तर तुमच्याकडे असलं तर सांगा.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा सहाही टेबलं भरलेली. सकाळी गाडी निघणार होती, बॅग गल्ल्याखाली भरून ठेवलेली. काकूंनी खेळ सुरू केला. मी सहज मागे उभा राहिलो. खलाशी आले, जेवून गेले. फ्रॉकवालीला कॉफी मिळाली. काकूंचा हात असा चालत होता की मला पहिल्यांदाच दिसलं, शेगडीपाशी ही बाई काय असेल. सहा टेबलांवर एकाच वेळी लक्ष, कोणाला आधी, कोणाला नंतर, कोण अजून दम धरील. टोपीवाला आला. तीन बदाम. कॉफी गेली. दोन बदाम. खलाशांची दुसरी टोळी आली आणि काकू तिकडे वळल्या. एक बदाम.

“मासा!” मी किंचाळलो. “काकू, मासा! पाच नंबरला मासा द्या!”

भोजनालय चिडीचूप. पाच नंबरला सोलापूरची एक आजी जपमाळ बाजूला ठेवून वरण-भात कालवत होती, ती माझ्याकडे बघतच राहिली. आतून मनीषचा सवयीनं आवाज आला, “शुद्ध शाकाहारी आहे हो!” पण माझं कुठे लक्ष होतं? मासा टेबलावर पोचला. टोपीवाल्यानं खाल्ला, टोपी उचलून सलाम केला आणि चालता झाला. फुगे उडाले. ह्या वेळी कोणीही उठून गेलं नव्हतं.

काकूंनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. “जेवला,” म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला सांगू?

मग त्यांना एकदम आठवलं. “साहेब! तुमचं जेवण?”

“राहू द्या, उशीर झालाय.”

“थांबा.” पंजा वर. आणि भिंतीला धरत, डॉक्टरांची मनाई धाब्यावर बसवून, काकू स्वतः आत गेल्या. सुनेला बाजूला केलं आणि भाकरी स्वतः थापली. ताटही स्वतःच आणून समोर ठेवलं. मी अर्धा तास उशिरा बँकेत गेलो आणि मॅनेजरांची बोलणी खाल्ली.

ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून चालल्या, असं मनीषनं फोनवर सांगितलं. साहेबांना वेळेवर जेवायला द्या, असा निरोपही होता. पाचव्या दिवशी पहाटे झोपेतच गेल्या. मला राग आला, खरंच सांगतो. कोणाला म्हणून उठून जाऊ न देणारी बाई. आणि स्वतः जाताना आम्हाला थांबा म्हणायलाही वेळ दिला नाही.

दिवस झाल्यावर भोजनालय उघडलं. मी सव्वा वाजता गेलो. बसल्या बसल्या पाणी आलं. दोन मिनिटांत ताट आलं, भाकरी गरम. गल्ल्यावर मनीष होता. कॉम्प्युटर चालू होता आणि त्याच्यावर फक्त बिलं होती. मी हात धुऊन गल्ल्याशी जातो तो बिल तयार. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी कटकट केली, ते सगळं झालं होतं. घड्याळात पाहिलं तर हातात सतरा मिनिटं होती.

मी परत टेबलाशी येऊन बसलो.

“साहेब, काही राहिलं का?” मनीषनं विचारलं.

“नाही.”

“मग बँकेला उशीर होईल.”

“होऊ दे,” मी म्हटलं. “माझे अजून तीन बदाम आहेत.”