कनातीमागचा फुटबॉल

कडूबाला फुटबॉल कळत नव्हता, हे मी त्याच्या मोठेपणातच धरतो. ज्यांना कळतो ते गप्प बसून पाहतात. कडूबा बोलायचा.

वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर चालायचा तेव्हाची गोष्ट. पिंपळगाव राजा या गावचा हा गडी खामगावच्या कापूस बाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा, की गाडीचे बैलसुद्धा भाव ऐकायला मान वळवत. पुढे सरकी काढायच्या जिनामागच्या मैदानावर फुटबॉलचे सामने सुरू झाले आणि बायकांसाठी कनात लागली. कनातीने मर्यादा राहिली, पण सामना दिसेना. तेव्हा सामने भरवणाऱ्या वामनरावांनी कडूबाच्या हाती पत्र्याचा कर्णा दिला, त्याला टेबलावर चढवलं आणि म्हणाले, "दिसते ते सांग."

कडूबाला सगळीकडे बाजारच दिसायचा. चेंडू म्हणजे माल, आणि ज्याच्या पायाशी चेंडू त्याची बोली. "बोली रंगरावची! रंगराव सोडून नाही राह्यला! आता गुलजारची! गुलजार एक... गुलजार दोन..." तीन म्हटलं की गोल. कनातीमागे बांगड्यांचा नुसता खणखणाट! दर सामन्याला त्याला बोलावणं येऊ लागलं, मानाचा फेटा मिळाला, आणि कडूबा बाजारातही कर्णा काखेत मारून हिंडू लागला.

खोड एकच. चेंडू पायातून सुटला, की याच्या तोंडून 'तीन' सुटायचं. सौदा झटपट पक्का करायची सवय! अंतिम सामन्याच्या दिवशी वामनरावांनी त्याला बजावलं, "आज गोल व्हायच्या आधी तीन म्हटलं, तर कर्णा ड्रॉइंगमास्तरले देईन." मास्तर शेजारीच घसा खाकरत बसले होते.

शेगावशी सामना, गोल कोणाचाच नाही, वेळ संपत आलेली. खामगावच्या गुलजारने चेंडू हाणला.

"गुलजार एक! दोन! तीन!"

कनातीमागे पेढे वाटायला सुरुवात झाली. इकडे शेगावचा गोलकीपर सईद चेंडू पोटाखाली घेऊन आडवा पडलेला! वामनराव तरातरा टेबलाकडे निघाले, मागे मास्तर. कडूबाचं तोंड उतरलं. कर्णा आता गेलाच. तेवढ्यात त्याला बाजारच आठवला. तिथं तीन म्हटल्यावरही गाडीवाला आपल्या कापसावर बसून 'देत नाही' म्हणाला, की सौदा मोडतो.

"थांबा हो बायांनो! मालधनी सईद मालावर झोपला! माल देत नाही म्हणते!"

कनात हसून हलू लागली. आतून शाहजादीबी ओरडली, "कडूबाभाऊ, त्याले भाव काय पायजे, ते तं इचार!"

"इचारतो, बी! काऊन बे सईद, काऊन देत नाहीस?"

सईद हसता हसता चेंडू मारायचंच विसरला. वामनरावांनी मात्र हात पुढे केला. "दे कर्णा."

कनातीतून आवाज आला. वामनरावांच्याच अन्नपूर्णाबाईंचा.

"अहो, कर्णा खाली आला तं आम्ही उठलो समजा. अन् चहाची किटली इकडेच आहे."

वामनरावांचा हात हवेत थांबला. मग त्याच हाताने त्यांनी कडूबाचा कलंडलेला फेटा नीट केला आणि म्हणाले, "बोल बाबा."

सामना बरोबरीत सुटला. फेरसामन्याला वामनरावांची खुर्ची पहिल्याच रांगेत होती, पण पाठ मैदानाकडे आणि तोंड कडूबाकडे.